नात्यातली जोडी

लिफ्टच्या डब्याच्या टपावर, आठव्या आणि नवव्या मजल्याच्या मधोमध, तो रुळांना तेल लावत उभा होता, तेव्हा खिशातला फोन थरथरला. हात तेलकट होते, म्हणून त्यानं दोन बोटांनी तो कसाबसा काढला. पलीकडे एक मुलगी होती, घाईतली, हातातल्या यादीवरून एकेक नाव उरकत आलेली. शर्यतीच्या ऑफिसातून बोलतेय म्हणाली. सायकल, सोळा किलोमीटर, नवशिक्यांचा गट, त्यातही नात्यातली जोडी. तुमचा अर्ज आलाय, फक्त एक खात्री करायची होती. "जोडीदाराशी नातं, इथे व्याही लिहिलंय. बरोबर ना?" त्याच्या पायाखाली आठ मजल्यांचा अंधार होता. एकतीस वर्षं तो अशाच टपांवर उभा राहत आला होता आणि खाली बघून त्याला कधी काही झालं नव्हतं. आज मात्र त्यानं नकळत दोर धरला. गेल्या शुक्रवारी कोर्टात सह्या झाल्या होत्या. त्याची मुलगी आणि त्याच्या व्याह्यांचा, म्हणजे मास्तरांचा, मुलगा दोन वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडले होते, आणि आज मंगळवार होता. "हो," तो म्हणाला, "बरोबर." फोनवरच्या मुलीनं आभार मानले, दोघांना एकसारखे सदरे घालून यावं लागेल असं बजावलं आणि फोन ठेवला. त्यानं फोन खिशात घातला तेव्हा खिशाला तेलाचा डाग पडला होता.

दिवसभर ते त्याच्या डोक्यातून जाईना. नवरा-बायको वेगळे झाले की त्यांना काहीतरी म्हणता येतं, निदान पूर्वीचा नवरा, पूर्वीची बायको असं. माजी मंत्री असतो, माजी विद्यार्थी असतो, पण माजी व्याही कुणी ऐकलाय? दोन पोरांनी लग्न केलं म्हणून दोन म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले, पोरांनी मोडलं म्हणून आता त्यांनी उठून आपापल्या घरी जायचं, असा सरळ हिशेब होता, आणि तो हिशेब त्याला पटत नव्हता. बायको गेल्यापासून, म्हणजे आठ वर्षांत, त्यानं स्वतःहून कुणाला फोन केला असेल तर तो मास्तरांना. मास्तर म्हणजे शिंपी. उंच, खांद्यात जरा वाकलेला माणूस, गळ्यात टेप असा कायमचा की तो काढून ठेवला की मास्तर उघडेबोडके वाटायचे. लग्नात मुलीचा बाप म्हणून तो हात जोडून उभा होता, तर मास्तरांनी त्याच्या कोटाची बाही चिमटीत धरून बघितली आणि हळूच म्हणाले होते की व्याही, कुणी शिवलाय हा, खांदा चुकलाय, उद्या दुकानात घेऊन या. दुसऱ्या दिवशी तो खरोखरच कोट घेऊन गेला. तिथून सुरुवात झाली.

सायकलचं खूळ मास्तरांचंच. डॉक्टरांनी त्यांना साखरेसाठी व्यायाम सांगितला, तर म्हणाले, चाळीस वर्षं मी पायडलच मारतोय, फक्त दुकानातून हललो नाही. आता जरा हलून बघतो. एकट्याला लाज वाटते म्हणून याला ओढलं. दोघांनी जुन्याच पण बऱ्या सायकली घेतल्या. पहिला महिना नुसती फजिती होती. सीट इतकी खाली की गुडघे छातीला लागत, हँडल असं आवळलेलं की घरी जाऊन चहाचा कप धरवेना. दोघं पहिल्या किलोमीटरला वाघासारखे सुटायचे आणि तिसऱ्याला कडेच्या कट्ट्यावर बसून पाणी प्यायचे. सायकल दुकानदार तरुणपणी शर्यतीत भाग घेतलेला, समोरचा एक दात नसलेला, बोलायला फटकळ. त्यानं दोघांना एकदा बघितलं आणि म्हणाला, काका, शर्यत पायांनी नाही, हिशेबानं जिंकतात, निम्मा दम परतीसाठी ठेवा. जोडीच्या शर्यतीचं नाव त्यानंच काढलं. त्यानंच शिकवलं की पुढचा वारा फोडतो आणि मागचा त्याच्या चाकाला हातभर अंतरावर चिकटून राहतो, तेवढ्यानं मागच्याचा दम वाचतो, मग दर किलोमीटरला अदलाबदल. पहिला किती वाजता पोचला याला काडीची किंमत नाही. घड्याळ थांबतं ते दुसऱ्याचं चाक रेषेवर आल्यावर. म्हणून मागचा मागे पडायला लागला की त्यानं ओरडायचं, "सुटलो." पुढच्यानं लगेच वेग कमी करायचा. मास्तर यावर अवघडले. भर रस्त्यात असं ओरडायचं मला जमणार नाही, म्हणाले. मग दोघांनी मिळून उलटा नियम केला. मागच्यानं अधूनमधून नुसतं "आहे" म्हणायचं. ते ऐकू यायचं थांबलं की पुढच्यानं काय ते समजून घ्यायचं. दुकानदारानं कपाळाला हात लावला होता. म्हणाला, गरज पडते तेव्हा ओरडायचं असतं, काका. गप्प राहून कुणी कुणाला काही सांगतं का? पण दोघांना आपला नियम आवडला होता. कुणाला कुणाकडे काही मागायला लागत नव्हतं.

आणि त्या सकाळी सुखाच्या होत्या, हे त्याला कबूल करायलाच हवं होतं. पहाटे पाचला चौकात भेटायचं, गोदामांच्या मागचा सरळ रस्ता धरायचा, जिथे त्या वेळी एखादा दूधवाला आणि चार कुत्री सोडून कुणी नसे. बंद शटरांच्या रांगा, त्यांच्यामधून येणारा दमट पुठ्ठ्याचा वास, मांड्यांत भरत जाणारी ऊब, आणि मागून दर मिनिटाला एक शांत, शिवणीसारखा सरळ आवाज, आहे, आहे. तो स्वतः मागे असला की मास्तरांच्या पाठीकडे बघत राहायचा. आपण कुणाच्या तरी आडोशाला आहोत ही भावना त्याला लहानपणानंतर आली नव्हती. या सगळ्यात पोरांचा विषय कधी निघाला नाही. निघाला नाही म्हणजे दोघांनी काढला नाही. चार महिन्यांपूर्वी एका बुधवारी दुपारी तो घरी आला तर मुलगी दोन बॅगा घेऊन पायरीवर बसली होती. तिच्याकडे किल्ली होती, तरी ती बाहेर बसली होती. काय झालं असं त्यानं विचारलं. काही नाही, बाबा, जमलं नाही, असं ती म्हणाली. त्यानं बॅगा आत नेल्या, तिची जुनी खोली झाडून दिली, आणि आता ती बोलेल तेव्हा बोलेल, आपण खोदून विचारायचं नाही, असं शहाण्या माणसासारखं ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला तो उठला, तिच्या खोलीचं दार बंद होतं, आणि तो पायात बूट न घालता, ते हातात धरून, चोरासारखा बाहेर पडला. चौकात मास्तर आधीच येऊन थांबले होते. आज हा येणार नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. हा आला. मास्तर एवढंच म्हणाले की वारा आहे आज. मग दोघं निघाले.

मंगळवारी संध्याकाळी सदऱ्याचं माप द्यायला तो दुकानात गेला. फोनचं सांगितलं. मग तुम्ही काय म्हणालात, असं मास्तरांनी टेपवरून नजर न काढता विचारलं. हो म्हणालो, असं यानं सांगितल्यावर त्यांनी जरा वेळ याच्या छातीभोवतीचा टेप तसाच धरून ठेवला, आणि मग बरं केलंत म्हणाले. याला बरं वाटलं. एवढ्याचसाठी आपण दिवसभर तळमळत होतो असं त्याला वाटलं. मास्तरांनी माप सांगितलं आणि वहीत लिहायला कापडाच्या ढिगातून पेन्सिल शोधायला लागले. मापांची ती जाडजूड वही टेबलावर उघडी होती, घरच्या माणसांच्या पानांवर. यानं सहज पान उलटलं. वर त्याच्या मुलीचं घरातलं लाडकं नाव होतं. खाली छाती, खांदा, बाही, आणि कंबर अठ्ठावीस. अठ्ठावीसवर रेघ मारून सत्तावीस. त्यावर रेघ मारून साडेपंचवीस. त्यावर रेघ मारून चोवीस. प्रत्येक आकड्याशेजारी बारीक अक्षरात महिना आणि वर्ष. चार वर्षांचा संसार त्या एका पानावर उतरत गेला होता. त्याला ते समजायला थोडा वेळ लागला. लिफ्टचा दोर झिजतो तेव्हा तो असाच, दर तपासणीला, सुताच्या फरकानं झिजतो, आणि तो फरक वहीत लिहायचा असतो, म्हणजे वेळेवर कुणीतरी दोर बदलतो.

मास्तर पेन्सिल घेऊन वळले आणि तसेच उभे राहिले. मग त्यांनी स्टूल ओढलं. त्यांनी जे सांगितलं ते सलग नव्हतं. मुलगा आणि सून दुकानाच्या वरच राहायची. मुलगा तिच्यावर हात उचलत नव्हता, ओरडतही नव्हता. नुसता बोलायचा नाही. महिना महिना बोलायचा नाही. ती ताट वाढायची, तो ते घेऊन दुसऱ्या खोलीत जायचा. ती एकटी कशी जेवणार, मग जेवायचीच नाही. एके दिवशी ती खाली दुकानात कपडे घेऊन आली आणि म्हणाली, सैल होतायत, जरा आत घ्याल का. "मी घेतले," मास्तर म्हणाले. "चार सहा महिन्यांनी पुन्हा आली, पुन्हा घेतले. विचारलं असतं तर काही नाही म्हणाली असती, आणि मग यायची बंद झाली असती. कपड्यांच्या निमित्तानं निदान घटकाभर इथे बसायची. मला वाटलं, एवढं तरी असू दे." मुलाशी बोलायला हवं होतं, तेही जमलं नाही, तो माझाच मुलगा, गप्प बसायचं कुठे शिकला ते मला माहीत आहे, असंही ते म्हणाले. याच्या कानात मात्र वेगळंच काही घुमत होतं. दर महिन्याच्या एका रविवारी ती याला भेटायला यायची. दारात उभी राहिली की हा तिच्याकडे बघायचा, आणि नेमानं म्हणायचा, छान बसलाय हो ड्रेस, सासरे शिंपी असल्याचा फायदा. ती हसायची. ते कपडे तिच्या अंगावर इतके बेतशीर बसलेले असायचे की त्याखाली ती किती उरलीय हे बापालासुद्धा कळत नव्हतं. ढगळ दिसली असती तर त्यानं विचारलं असतं. नक्की विचारलं असतं, असं तो स्वतःला सांगत राहिला. "तुम्ही इतकं सफाईनं का केलंत?" एवढंच तो मोठ्यानं म्हणाला. मास्तर म्हणाले, मला दुसरं काही येत नाही. तो उठला आणि सायकल हातात धरून चालत घरी गेला.

उरलेले दिवस तो एकटाच त्या रस्त्यावर गेला, तासभर उशिरा, मास्तर परतून गेलेले असतील अशा बेतानं. आता निम्मा दम राखायचा वगैरे काही नव्हतं. तो जीव खाऊन पायडल मारायचा, गोदामाच्या शेवटच्या फाटकाशी पोचेपर्यंत तोंडात लोखंडाची चव यायची, आणि त्या चवीत त्याला समाधान मिळायचं. डोक्यात तो मास्तरांशी भांडायचा, आणि डोक्यातल्या भांडणात तो फार छान बोलायचा. तुम्ही मला एक फोन करायचा होतात. रोज पहाटे माझ्या मागे हातभर अंतरावर असायचात आणि आहे, आहे म्हणायचात, त्यातल्या एका दिवशी दुसरं काही बोलला असतात तर जीभ झडली असती का? पण मास्तरांची बाजू मांडायची वेळ आली की त्याच्या मनातले मास्तर गप्पच राहायचे, आणि मग त्याला उगीच त्या पायरीवरच्या दोन बॅगा आठवायच्या, आणि तो आणखी जोर लावायचा. घरी परत येई तेव्हा मुलगी कामावर गेलेली असे. ती एका दंतवैद्याकडे दाताचे साचे भरायला जात होती. ओट्यावर त्याच्यासाठी झाकून ठेवलेलं असायचं. ते तो उभ्या उभ्या खायचा, नळाखाली भांडं विसळायचा आणि कामावर जायचा. शर्यतीला जायचं नाही असं त्यानं दोनदा ठरवलं. पण न जाणं म्हणजे मास्तरांना काहीतरी कळवावं लागणार, आणि फोन उचलून बोलण्यापेक्षा सोळा किलोमीटर सायकल मारणं त्याला सोपं वाटलं.

रविवारी सकाळी मास्तर सदरे घेऊन आले होते, निळे, पाठीवर पांढरी पट्टी. यानं मुकाट्यानं अंगात घातला. खांदा चुकला नव्हता, काहीच चुकलं नव्हतं, आणि त्यामुळेच तो सदरा त्याला टोचत होता. भोवती इतर जोड्या हसत होत्या, फोटो काढत होत्या. मामा-भाचे, नणंद-भावजय, एक बाप आणि त्याच्याएवढीच उंच मुलगी. टेबलापाशी एका बाईनं यादीत खूण केली आणि व्याही-व्याही, वा, असे तुम्हीच एकटे आहात म्हणाली. दोघंही कसनुसं हसले. दर मिनिटाला एक जोडी सोडत होते. यांची पाळी आल्यावर मास्तर हळूच म्हणाले की पहिल्यांदा तुम्ही पुढे व्हा. हा झाला. पहिले सात-आठ किलोमीटर शिकवल्याप्रमाणे गेले, अदलाबदल झाली, आवाज येत राहिला. मास्तर पुढे असताना यानंही म्हटलं, आहे. वळण घेऊन परतीला लागले तेव्हा समोरून वारा सुरू झाला. हा पुढे होता. किलोमीटर संपला, त्यानं बाजूला व्हायला हवं होतं, तो झाला नाही. दुसराही संपला. मागून आहे, मग बऱ्याच वेळानं आहे, मग जरा लांबून, धापेत अर्धा बुडालेला एक आहे. नंतर काही नाही. त्याला ऐकू आलं नाही असं नव्हतं. आवाज थांबलेला त्याला स्वच्छ ऐकू आला. एखादं यंत्र बंद पडल्यावर खोलीत जे होतं ते त्याच्या पाठीमागे झालं, आणि आता पाय सैल सोडायचे, आता, असं त्याचं सगळं अंग त्याला सांगत होतं. तो गिअर बदलून आणखी जोरात निघाला. बसू दे, त्याच्या मनात आलं, बसू दे आता त्या वाऱ्यात एकट्याला, कळू दे. आणि असं मनात येताच त्याचे डोळे भरून आले, वाऱ्यानं की कशानं, ते पुसायला त्यानं हँडलवरून हात काढला नाही.

रेषेपलीकडे तो उतरला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. घड्याळवाल्या बाईनं घड्याळ थांबवलं नाही. तिनं रस्त्याकडे बघितलं, याच्याकडे बघितलं, तुमचे जोडीदार कुठे राहिले म्हणाली. येतायत, असं तो म्हणाला. यांच्या मागून निघालेली एक जोडी आली, दोघं बरोबरीनं. दुसरी आली. बाप आणि उंच मुलगी आली, मुलगीच पुढे होती आणि सारखी मान वळवून बघत होती. तो सायकल धरून उभा होता. किती मिनिटं गेली ते त्यानं मोजलं नाही, पण तेवढ्या वेळात त्याचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी नुसती भीती येऊन बसली, मास्तरांचं वय, साखर, त्यांचा तो दुखरा गुडघा. मग वळणावर निळा सदरा दिसला. मास्तर सावकाश, सरळ, कुठलीही घाई नसल्यासारखे येत होते. रेषा ओलांडून त्यांनी सायकल कडेला लावली, फुटपाथवर बसले, आणि डाव्या गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून श्वास परत येण्याची वाट बघत राहिले. यानं पाण्याची बाटली दिली. त्यांनी घेतली.

"ओरडायचं होतंत," तो म्हणाला. "सुटलो म्हणून."

"कशाला? तुम्हाला कळलं होतं." मास्तरांनी हे शांतपणे म्हटलं, त्यात टोमणा नव्हता. ते पाणी प्यायले आणि बाटलीचं झाकण नीट फिरवून बसवलं. मग रस्त्याकडे बघत त्यांनी विचारलं, "ती आता नीट जेवते का?"

ते तुम्ही विचारायचं नाही, हे उत्तर त्याच्याजवळ तयार होतं, आठवडाभर घोळवून ठेवलेलं. तोंड उघडल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला माहीतच नाही. चार महिने ती त्याच्या घरात होती. सकाळी ती उठायच्या आत तो सायकल घेऊन बाहेर पडत होता आणि रात्री, भूक नाही बाबा, मी मगाशीच खाल्लं, असं ती म्हणाली की तो बरं म्हणून अंथरुणावर पडत होता, कारण पहाटे उठायचं असे. ओट्यावर एक ताट झाकलेलं असायचं. दुसरं ताट उष्टं होऊन पडलेलं त्यानं कधी पाहिलं होतं? त्यानं आठवून पाहिलं. जानेवारी, फेब्रुवारी, एखादा रविवार, एखादी संध्याकाळ. मास्तरांच्या वहीत निदान आकडे होते. "माहीत नाही, मास्तर," तो म्हणाला, आणि तो त्यांच्या शेजारी फुटपाथवर बसला. मास्तरांनी मान हलवली. समोरून शेवटची जोडी आली, कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

त्यानं फोन काढला. बोटं घामानं निसटत होती. पाच-सहा वेळा घंटा वाजली, मग मुलीचा आवाज आला, झोपेतला, दचकलेला. काय झालं, बाबा, पडलात का, असं ती विचारत होती. नाही, पडलो नाही, शर्यत झाली, असं त्यानं सांगितलं. सकाळचे नऊ वाजले होते आणि जे विचारायचं होतं ते या वेळी कुणी विचारत नाही. शेजारी मास्तर दुसरीकडे बघत बसले होते, मुद्दाम, ऐकू येत असूनही न ऐकल्यासारखे.

"काल रात्री जेवली होतीस का?" त्यानं विचारलं.

ती आता हो म्हणेल, नेहमीसारखी, आणि आपण बरं म्हणू, असं त्याला वाटलं, आणि तसं होऊ नये म्हणून तो दम रोखून बसला. तिच्या श्वासाचा आवाज येत होता, एकदा आत, एकदा बाहेर, मधेच तुटलेला.

"नाही," ती म्हणाली. मग, "बाबा, तुम्ही घरी या."